कुलपातले टॅब

२०१२ साली आमच्या शाळेतली छापील पुस्तकं गेली आणि टॅब आले. मुख्याध्यापिका माझ्या थोरल्या जाऊबाईच होत्या. मुलं फोडतील या धास्तीनं त्यांनी सगळे टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अहो, दागिने आहेत का ते?" मी म्हटलं.

"तू गप्प बस गं! फुटले तर भरून कोण देणार, तुझे भाऊजी?"

पुस्तकं रद्दीच्या ट्रकमधून गेली आणि त्याच सकाळी तपासणीचे साहेब न सांगता माझ्या वर्गात आले. टॅब वापरलेच नाहीत हे कळलं तर जाऊबाईंचं पद जाणार होतं. त्यांनी घाईघाईनं टॅब वाटले, पण एकही चार्ज केलेला नव्हता.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला तिसरा धडा वाचायला सांगितला. काळ्या पडद्याकडे बघत ती घडाघडा म्हणू लागली, कारण धडा तिला पाठ होता. माझ्या जिवात जीव येतो न येतो तोच तिनं बोट जिभेला लावलं आणि टॅबवर पान उलटलं.

साहेबांनी टॅब हातात घेतला. "हा तर बंद आहे! हे नाटक कोणी शिकवलं तुला?"

मुलगी रडकुंडीला आली.

"तिला बोलू नका, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "कुलूप मी लावलं. पोर मला सांभाळून घेत होती."

पद गेलंच. जाऊबाई साध्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. साहेबांची बदली झाली. ती मुलगी नर्स झाली. मी आता नातीच्या टॅबवर वर्तमानपत्र वाचते.