माझ्या तोंडातली भाकरी

मी एक जुना लाकडी कुत्रा आहे. चिटगुप्प्याजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये संत रोकांच्या पायाशी बसलो आहे. प्लेग आला की भाविक या संतांचा धावा करतात. ते स्वतः प्लेगने रानात एकटे पडले होते, तेव्हा एक कुत्रा त्यांना रोज पाव नेऊन देई. तोच मी. निजामाच्या राज्यात जगदेवप्पा सुतारांनी मला सागवानात कोरले. त्यांनी पाव कधी पाहिला नव्हता, म्हणून माझ्या तोंडात ज्वारीची भाकरी दिली.

मित्रांनो, ती भाकरी कोणी नीट पाहील तर शपथ! गावाने मला खंडोबाचा कुत्रा ठरवले. जो येई तो माझ्या तोंडाला तेल-भंडारा फासे. पाद्रीबाबा सांगून सांगून थकले. भाकरी पार बुजून गेली.

मग प्लेग आला. गाव घरे सोडून रानात खोपी घालून राहिले. रोज संध्याकाळी संतांची मिरवणूक निघे, त्यांच्यासोबत मीही. चर्चची घंटा वाजवणारा ईरण्णा काखेत गाठ येऊन ओढ्यापलीकडे एकटा पडला होता. मिरवणूक अलीकडेच थांबे, प्रार्थना म्हणे आणि परते. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हते. प्रार्थनेला माझी ना नाही हो, पण भुकेल्याला ती नुसती ऐकवायची? माझा नुसता संताप होई. लाकडाला भुंकताही येत नाही!

तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी महानंदा नावाची शेतकरीण मला भंडारा लावायला आली. तिचे नख लागून भंडाऱ्याची खपली निघाली आणि भाकरी दिसली.

"पाद्रीबाबा, ह्याच्या तोंडात भाकर कामून हाय?"

"आजारी संतांसाठी, अक्का. रोज नेऊन द्यायचा."

"मग ईरण्णाला कोण द्यायलंय?"

महानंदा खोपीत गेली, भाकरी आणि आंबील घेऊन एकटीच ओढा उतरली. रोज गेली.

ईरण्णा बरा झाला. गावाने काय करावे? संतांना नवा रंग दिला आणि मला दुप्पट भंडारा फासला!

ईरण्णा मात्र ओले फडके घेऊन आला. त्याने माझे तोंड पुसून भाकरी मोकळी केली आणि स्वतः एक भाकरी घेऊन ओढ्यापलीकडे गेला. तिथे आता गाठ येऊन महानंदा पडली होती.

ती वाचली. संत रोकांमुळे की खंडोबामुळे, यावर गाव अजून वाद घालते. घाला बाबांनो, पण आधी कोण उपाशी पडले आहे ते बघून या. आणि माझे तोंड तेवढे पुसलेले ठेवा.