भुरका

"आत जायचं नाही," मी म्हणाले. "गाडीला वेळ आहे, बाकावर बसू. तुमचा डबा आहे माझ्या पिशवीत."

काठी मनगटाला अडकवून, डाव्या हातानं दुकानाच्या दाराचा निळा पडदा बाजूला धरून हे तसेच उभे राहिले. आतून माशाच्या साराचा वास येत होता. उजवा हात गेल्या वर्षीपासून नुसता खांद्याला लटकलेला असतो.

"सोबा," ते म्हणाले. लकवा झाल्यापासून ह्यांचे शब्द जड निघतात, पण सारातल्या शेवयांचं हे नाव मात्र स्वच्छ आलं.

हे म्हणजे माझे यजमान, तात्सुओ. जन्मभर सिटी बस चालवली. थोरल्या दिरांचं वर्षश्राद्ध आटोपून आम्ही त्यांच्या डोंगरातल्या गावाहून परतत होतो आणि मधल्या स्टेशनात गाडी बदलायची होती. दिरांकडे सगळ्यांपुढे ताटं आली, ह्यांच्यापुढे मी डबा उघडला. चाळणीतून काढलेला भोपळा आणि गिळताना ठसका लागू नये म्हणून पूड घालून पेजेसारखा घट्ट केलेला चहा. पुतण्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं बरं आहे, चावायची कटकटच नाही." हे हसले. मी माझं ताट बाजूला सारलं.

गेल्या हिवाळ्यात साधी पेज चुकीच्या वाटेनं छातीत उतरली आणि ह्यांना न्यूमोनिया झाला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर पोटाला नळी लावावी लागेल, आणि ह्या वयात तेवढ्यावर निभावलं तर नशीब समजा. शेवया वर्ज्य. भुरका मारून खाणं तर मुळीच नको, श्वासाबरोबर सगळं आत ओढलं जातं म्हणे. तेव्हापासून हे जेवायला बसले की मी समोरून हलत नाही. वरवर मी रागावते, पण खरं म्हणजे मी घाबरलेली असते.

"एकच घास," हे म्हणाले.

"त्या एका घासानंच माणूस जातो."

"जाऊ दे," म्हणाले, आणि पडदा सारून आत शिरले. आता ह्यांना ओढून बाहेर काढायचं म्हणजे रस्त्यात तमाशा. मी मुकाट मागे गेले.

चार माणसं बसतील एवढं लाकडी फळकुट, त्यापलीकडे उकळती पातेली. डोक्याला पंचा बांधलेला मालक पन्नाशीच्या आतबाहेरचा असेल. रबरी बूट घातलेला एक ट्रकवाला कोपऱ्यात बसून भुरके मारत होता. त्या आवाजासरशी ह्यांची मान वर झाली.

ह्यांचा स्वतःचा भुरका म्हणजे काय वर्णावा. बसच्या ब्रेकची हवा सुटावी तसा. दोन फेऱ्यांच्या मधे डेपोसमोर उभ्या उभ्या शेवया खायची सवय ती. लग्नानंतर पहिल्यांदा मला तिथे घेऊन गेले तेव्हा लाजेनं मला मान वर करवेना. बाईमाणसानं खाताना आवाज करू नये, ही माझ्या आईची शिकवण. मी हळूच म्हटलं, "बस सुटली वाटतं." तर म्हणाले, "अगं नोबुए, मालक पाठ करून उभा असतो, पण त्याचे कान आपल्याकडे असतात. भुरका ऐकू आला नाही की त्याला वाटतं, आज आपलं काहीतरी बिघडलं." त्यावरून मी ह्यांना जन्मभर टोमणे मारत आले. लेकीच्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळीसुद्धा व्याह्यांसमोर भुरका मारलाच होता त्यांनी.

"दोन वाडगे," हे मालकाला म्हणाले.

मी पुढे वाकून हलक्या आवाजात म्हटलं, "ह्यांच्या शेवया जरा जास्त शिजवा. आणि कात्री असेल तर बारीक कापून..."

"कापू नको," हे म्हणाले. डोळे एकदम लाल झाले होते. "मी काय... बाळ आहे?"

मालक माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. "राहू दे, पण मऊ करा. अगदी गाळ."

"करतो काकू. आमच्या दुकानाला बट्टा लागेल, पण करतो," असं म्हणून तो हसला आणि आमच्याकडे पाठ करून कामाला लागला.

वाडगे आले. वर कांद्याची पात. ह्यांनी तोंड वाफेत धरलं आणि नुसता वास घेत राहिले. तेवढ्यावर भागावं असं मी मनात म्हणत होते, पण कुठलं भागायला.

"एकेक शेवई घ्यायची," मी म्हणाले. "सार प्यायचं नाही. हनुवटी खाली. गिळा, परत गिळा, मग दुसरी. आणि आवाज काढायचा नाही. ऐकताय ना?"

ह्यांनी डाव्या हातात काड्या धरल्या. शेवई दोनदा निसटली. तिसऱ्यांदा वर आली, ओठांपर्यंत गेली, आणि हे उंदरासारखे ती हळूहळू आत घेऊ लागले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मी तिच्यावरून नजर हलवली नाही. माझे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते.

"बरी आहे?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

ट्रकवाला उठला, "झकास होतं हो," म्हणून पैसे ठेवून निघून गेला. मग दुकानात पातेल्याच्या रटरटीशिवाय आवाज उरला नाही. ह्यांनी आणखी एक शेवई घेतली. मला वाटलं, निभावलं. वाटायला नको होतं.

आधी घशात खरखर झाली, मग ठसका लागला. चेहरा लाल झाला, लालचा काळपट. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डाव्या हातानं फळकुट धरून ठेवलं. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारत राहिले. "खोका, खोका, थांबू नका." मालक फिरून बाहेर आला होता आणि काय करावं ते न कळून डोक्याचा पंचा काढून हातात धरून उभा होता. माझ्या मनात फक्त एवढंच होतं की मी ह्यांना मारलं. पडदा धरला होता तेव्हाच हात ओढला असता तर.

मग एक मोठा खोकला आला आणि शेवई बाहेर पडली. श्वास परत लागला. मी रुमालानं त्यांचं तोंड पुसलं, वाडगा लांब सरकवला.

"पुरे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

हे वाडगा परत मागतील, हट्ट करतील, असं मला वाटलं होतं. पण ह्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की शेवयांचा ह्यांचा हा शेवटचा घास, आणि ते ह्यांनाही कळलंय. त्यापेक्षा हट्ट परवडला असता.

मालक पातेल्यापाशी परत गेला होता. पाठ आमच्याकडे, हातात झाकण, पण काहीच करत नव्हता. थोड्या वेळानं मागे न बघताच म्हणाला, "काकू, सार खारट झालंय का हो आज?"

माझा वाडगा तसाच होता. भीतीनं मी काड्यासुद्धा उचलल्या नव्हत्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मालकाच्या पाठीकडे हनुवटी केली, आणि माझा वाडगा बोटांनी माझ्यापुढे ढकलला.

"तू," म्हणाले.

"मी काय?"

"भुरका."

"वेड लागलंय का? मला येतो का तो?"

"बिचारा... ऐकतोय."

मी काड्या उचलल्या. ह्या वयात आईची क्षमा मागितली आणि ओढलं. सुस्कारा टाकावा एवढाच आवाज झाला.

"जोरात," हे म्हणाले.

मग मी वाकून, डोळे मिटून, पोटातून ओढलं. असा आवाज निघाला की मालकाची पाठ हलली. त्याचे खांदे सैल पडले, त्यानं झाकण खाली ठेवलं. मी परत ओढलं, आणखी मोठ्यानं. गरम सार, पात, सगळं एकदम घशात गेलं, आणि मला असा ठसका लागला की दिसेनासं झालं.

खुर्ची पडल्याचा आवाज आला. हे उठून उभे राहिले होते, काठीशिवाय. "अगं... अगं..." डोळे पुसता पुसता मला त्यांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी ओळखत होते. वर्षभर आरशात तोच बघत होते.

"हनुवटी... खाली," हे म्हणाले. "परत गिळ."

डावा हात माझ्या पाठीवर आला. आधी थापा मारल्या, मग वरून खाली, वरून खाली फिरत राहिला.

"काकूंना सवय नाही वाटतं," मालक पाण्याचा पेला ठेवत म्हणाला.

मी पाणी प्यायले. ठसका गेला, श्वास जागेवर आला. गाडीची वेळ होत आली होती, उठायला हवं होतं. पाठीवरचा हात थांबू नये म्हणून मी उगाच आणखी एकदा खोकले.