हरलेल्याचा हक्क

गुरुवारी दुपारी पावणेचारला बगळा ताईच्या दुकानात आला. काखेत स्टिक होती आणि चेहऱ्यावर दोन वर्षांत काहीच घडलं नसल्याचा भाव.

दुकान म्हणजे ड्रायक्लीनरच्या वरची एक खोली. खिडकीशी टेबल, त्यावर सोल्डरगन आणि भिंग, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या स्टिक. मारामारीचे व्हिडिओ गेम खेळणारे ज्याला स्टिक म्हणतात ती ताटाएवढी पेटी असते: डावीकडे दिशा देणारा लिव्हर, उजवीकडे आठ बटणं. ताई त्या दुरुस्त करते आणि ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे बदलूनही देते. कुणाला कडक स्प्रिंग लागते, कुणाला मऊ. कुणाला लिव्हरवर गोल बोंडी हवी असते, कुणाला लांबट. बगळ्याची स्टिक तीन वर्षांपूर्वी तिनेच बांधली होती. उंच अंग, लांब मान, आणि समोरचा चुकेपर्यंत न हलता मग एकदाच चोच मारण्याची पद्धत, म्हणून बगळा.

"उजवीकडे जात नाही, ताई," तो म्हणाला. "दहातून तीनदा जातच नाही. रविवारी स्पर्धा आहे."

"माहीत आहे."

"दुसऱ्याकडे दाखवली. त्याला जमेना."

"तेव्हा आमची आठवण झाली."

"झालं गेलं सोडा की आता. धाकट्याची बंदी संपली ना? खेळतोय ना तो?"

"खेळतोय."

"मग झालं तर. खेळात राग धरायचा नसतो."

ताईने स्टिक घेतली आणि पावती फाडली. शनिवारी अकरा वाजता मिळेल, एवढंच सांगितलं.

राग धरायला तिच्याकडे कारण होतं. स्टिकमध्ये बटणांखाली सर्किटचा बोर्ड असतो, आणि बगळ्याच्या स्टिकमध्ये होता त्या जातीच्या बोर्डात एक खोड होती. तिसरं बटण जोरात बडवलं की त्याखालची तांब्याची बारीक रेघ तडकायची. या गावात तसे दोनच बोर्ड होते, एक बगळ्याच्या स्टिकमध्ये आणि एक ताईच्या सख्ख्या भावाच्या, म्हणजे धाकट्याच्या. दोन वर्षांपूर्वी दोन्ही एकाच आठवड्यात तडकले. ताईने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तुटलेल्या रेघेवरून पिवळी बारीक वायर टाकून दोन्ही जोडले. बगळा स्टुलावर बसून बघत होता. हे काय, असं त्याने विचारलंही. रस्ता खचला की बाजूने पायवाट काढतात तसं, असं ताईने सांगितलं.

पुढच्याच स्पर्धेत उपांत्य सामन्यात धाकट्याने त्याला हरवलं. स्पर्धेचा एक नियम आहे. हरलेल्या खेळाडूला जागेवरून उठण्याआधी जिंकलेल्याची स्टिक उघडायला लावता येते. हा हक्क फक्त त्याचा, बाकी कुणाचा नाही. बगळ्याने हात वर केला. झाकण निघालं, पिवळी वायर दिसली, आणि दोनशे माणसांसमोर बगळा म्हणाला की या वायरीने बटण आपोआप पुन्हा पुन्हा दाबलं जातं. ताई त्या दिवशी तापाने घरी पडून होती. दुरुस्तीचा जोड चालतो, पण खेळाला मदत करणारी जास्तीची जोडणी चालत नाही, असा नियम होता. पंचांनी धाकट्याला दोन वर्षं बंदी घातली. ताईने नंतर आकृती काढून पत्र दिलं. त्याची पोचसुद्धा आली नाही.

शुक्रवारी सकाळी तिने बगळ्याची स्टिक उघडली. लिव्हरखालच्या उजव्या बाजूच्या मायक्रोस्विचची पत्ती झिजली होती. दहा मिनिटांचं काम. मग तिला तिसऱ्या बटणाखाली काळी टेप दिसली. टेप तिची नव्हती. तिने चिमट्याने कडा उचलली. खाली तिची पिवळी वायर होती.

काय झालं असेल ते तिने मिनिटभरात जुळवलं. त्या स्पर्धेनंतर बगळ्याने कुणातरी कारागिराला वायर काढून टाकायला सांगितलं असणार. कारागिराने काढली, बटण मेलं, परत लावली, वर टेप मारली आणि काम झालं म्हणून सांगितलं. बगळ्याला हात चालवता येतो, आतलं काही कळत नाही. त्याने विश्वास ठेवला.

अडीचला धाकटा पार्सलच्या गोदामातून पाळी संपवून आला. स्टिक बघताच त्याने ओळखली.

"स्विच असा बसव की तिसऱ्या सामन्यात निखळेल," तो म्हणाला.

"माझ्या हातची स्टिक बंद पडणार नाही. कुणाचीही असो."

"मग आरती ओवाळ त्याची."

तिने टेप उचलून दाखवली. धाकट्याने वाकून वायरीवरून बोट फिरवलं.

"पंचांना आताच सांगू," तो म्हणाला.

"काय सांगणार? गिऱ्हाईकाची स्टिक उघडली आणि आत वायर सापडली? मीच घातली म्हणतील. आधीच माझ्या नावाने बोंब आहे. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर उघडायला हवी. आणि तो हक्क हरलेल्याचा आहे."

धाकट्याला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी हरायचं."

"हो."

"तू शुद्धीवर आहेस ना?"

"सोडतीत तुमची गाठ उपांत्य सामन्यात आहे. जिंकलास तर तो हात वर करेल. तुझ्या नव्या बोर्डात काही सापडणार नाही. मग लोक म्हणतील, या खेपेला काढून आला."

"म्हणू देत."

"दुकानात आठवड्याला किती जण येतात ते बघतोस ना?"

"आणि मला गोदामात काय नावाने हाक मारतात ते? वायर. वायर, तो खोका उचल. वायर, चहा घेणार का. तरी दोन वर्षं रोज दोन तास भिंतीकडे तोंड करून सराव केला मी. कशासाठी? त्याच्यापुढे मान टाकायला?" तो दारापर्यंत गेला. "तुझं दुकान वाचवायला दुसरा कुणीतरी बघ."

ताईने नवा स्विच बसवला, टेप अंगठ्याने होती तशी दाबली, सहा स्क्रू घट्ट केले. लिव्हर उजवीकडे दोनशे वेळा मारून बघितला. एकदाही चुकला नाही. शनिवारी अकराला बगळा येऊन घेऊन गेला. हात लावून बघितला आणि म्हणाला, "लोण्यासारखी चालते. तुमच्या हाताला तोड नाही, ताई."

रविवारी शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये शेहेचाळीस खेळाडू होते. पंच तेच होते, कानांवर तोच लाल पट्ट्याचा हेडफोन. चार वाजून वीस मिनिटांनी उपांत्य सामन्याला बगळा आणि धाकटा शेजारी शेजारी बसले. ताई तिसऱ्या रांगेत होती. शुक्रवारपासून भाऊ तिच्याशी बोलला नव्हता.

तीनपैकी दोन डाव. पहिला बगळ्याने घेतला, दुसरा धाकट्याने. तिसऱ्यात धाकट्याने त्याला कोपऱ्यात कोंडलं. पडद्यावर बगळ्याच्या जिवाची पट्टी उतरत उतरत नखाएवढी राहिली. धाकट्याची अजून निम्मी शिल्लक होती. बगळ्याने घाबरून एक लाथ मारली, ती हुकली, आणि तो उघडा पडला. एक फटका पुरे होता. हॉलमध्ये लोक उभे राहिले.

धाकट्याच्या लिव्हरची स्प्रिंग कडक आहे. सोडला की टक्कन मध्ये येतो. तो आवाज ताईने ऐकला, आणि त्यानंतर बटणाचा आवाज आला नाही. धाकट्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

बगळ्याचा विश्वास बसेना. हा काहीतरी डाव आहे असं समजून तो तीन सेकंद थांबला. मग त्याने मारायला सुरुवात केली, आणि पट्टी संपेपर्यंत मारत राहिला.

धाकटा उठला नाही. त्याने हात वर केला.

"उघडा," तो म्हणाला.

बगळा हसला. "खुशाल उघडा. रडीचा डाव."

पंचांनी सहा स्क्रू काढले आणि झाकण बाजूला ठेवलं. "इथे टेप आहे," ते म्हणाले.

"मग काढा की. मी कुठे धरलीय?"

पंचांनी टेप ओढली. पुढच्या रांगेतले लोक वाकले. बगळ्याची मान आधी पुढे गेली, मग मागे आली.

"ही मूळ बोर्डातली नाही," पंच म्हणाले.

"दुरुस्तीची आहे ती. तांब्याची रेघ तुटते, तिला नुसता जोड..." एवढं बोलून तो थांबला.

"मोठ्याने सांग," ताई तिसऱ्या रांगेतून म्हणाली. "मागे ऐकू येत नाही."

पंचांनी माइक त्याच्या तोंडासमोर धरला. ते गणिताचे शिक्षक आहेत आणि हिशेब त्यांच्या लक्षात आला होता. "दोन गोष्टी आहेत," ते म्हणाले. "ही वायर लबाडीची असेल तर दोन वर्षं बंदी. नसेल तर तुझा विजय कायम, वीस मिनिटांनी तू अंतिम सामना खेळशील. पण मग दोन वर्षांपूर्वी याच्या स्टिकमधली वायर कशाची होती तेही सांगावं लागेल."

बगळ्याने अंतिम सामन्याच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

"तीही दुरुस्तीचीच होती."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बोल की, बगळोबा." हसण्याची लाट आली आणि विरली.

"हो," तो म्हणाला.

पंचांनी ते कागदावर लिहिलं, खाली त्याची सही घेतली आणि कागद हॉलच्या दारावर चिकटवला. ताईने दाराशी जाऊन त्याचा फोटो काढला. ती वळली तर मागे बगळा, हातात उघडी पेटी.

"ताई, सहाच स्क्रू आहेत. एवढे लावून द्या, आता अंतिम सामना आहे."

"दुकान सोमवारी उघडतं," ताई म्हणाली. "दहाला."

अंतिम सामना बघायला ती थांबली नाही. बाहेर नळावर धाकटा तोंड धूत होता. तिने शेजारी उभं राहून फोनमधून कागद वाचून दाखवला, सहीसकट. त्याने नळ बंद करून सगळं ऐकलं.

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"नखाएवढी राहिली होती त्याची," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"नाही बघितलंस. तुला नुसती टेप दिसत होती." त्याने बाहीने तोंड पुसलं. "पुढच्या वर्षी मी त्याला शेवटपर्यंत खेळून हरवणार. त्या दिवशी तू हॉलमध्ये यायचं नाहीस."

"बरं."

"आणि त्याची स्टिक त्याआधी तूच तपासून द्यायचीस. प्रत्येक स्विच नवा. स्टिकमुळे हरलो, असं त्याला म्हणता येता कामा नये."