बॉनेटवरचा खडू

विश्वंभर शितोळ्यांचा जगात दोघांवर राग होता. एक बायकोची मांजर आणि दुसरा दिग्विजयभाई मिकॅनिक. मांजर न बोलावता यायची आणि दिग्विजयभाई बोलावूनही यायचा नाही.

बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं घासून विश्वंभरराव फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि अकोट्याला राहायला आले, पण खिशातला खडू काही सुटला नाही. डब्यात जिथे बिघाड तिथे खडूने लिहायचं, आणि डबा अगदीच चालण्याजोगा नसेल तर त्यावर मोठ्या अक्षरात ‘सिक’ लिहून तो बाजूला काढायचा, ही वर्कशॉपची रीत. घरीही तेच. गळक्या नळाशेजारच्या टाइलवर ‘वायसर’, कुरकुरणाऱ्या दारावर ‘तेल’. प्रेमलाबाई ओल्या फडक्याने ते पुसत आणि म्हणत, “लिहिण्याऐवजी तेल घातलं असतं तर एव्हाना दार गप्प झालं असतं.”

प्रेमलाबाई पंधरा दिवसांसाठी नाशिकला बहिणीकडे गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. “ठमीला सांभाळा. बाकी काही नाही केलंत तरी चालेल.”

ठमी म्हणजे ती मांजर. करड्या रंगाची, मिजासखोर आणि जन्माने पक्की बडोदेकर. दूध ठेवलं तर नुसतं हुंगायची, पण फाफड्याच्या कागदाचा चुरचुर आवाज झाला की तीन घरांपलीकडून धावत यायची. विश्वंभररावांच्या खुर्चीत झोपायची आणि त्यांनी उठवलं तर त्यांच्याकडे असं बघायची, जणू त्यांची पेन्शन तिच्याच सहीने निघते. पण मोहना, त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन बंगळुरूला गेली त्या वर्षी हे घर पार मुकं झालं होतं. प्रेमलाबाई ‘जेवायला वाढलंय’ याखेरीज दिवसभर बोलत नसत. मग कुठूनशी ठमी आली आणि बाई पुन्हा भांडू लागल्या, हसू लागल्या. हे विश्वंभररावांना ठाऊक होतं. ते कबूल करायचे नाहीत, एवढंच.

ठमीची एक खोड होती. गाडीखालून वर चढून ती बॉनेटच्या आत जाऊन झोपायची. म्हणून प्रेमलाबाईंचा नेम असा, की गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर तीनदा थाप मारायची आणि ओरडायचं, “ठमे, ऊठ!” विश्वंभरराव त्यांची चेष्टा करायचे. “गाडी आहे का पाहुण्यांची खोली? दार वाजवून आत जातेस ती!”

प्रेमलाबाई परत यायच्या त्या दिवशी सकाळी, तीन आठवडे रोज फोन केल्यावर, दिग्विजयभाई गाडी न्यायला उगवला. तीन आठवडे त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, “थई जशे, काका.” काम कधी होईल? थई जशे. येणार कधी? थई जशे. ‘होऊन जाईल’ एवढ्या दोन शब्दांवर माणूस अख्खं गॅरेज चालवतो, याचं विश्वंभररावांना भारी नवल वाटे.

“आज पाच वाजता मला स्टेशनवर जायचंय,” त्यांनी बजावलं. “बायको येतेय. त्याआधी गाडी पाहिजे.”

“त्रण वागे तमारा हाथमां, काका. थई जशे.”

विश्वंभररावांना त्याच्या ‘तीन वाजता’वर काडीचाही भरवसा नव्हता. त्यांनी खडू काढला आणि गाडीच्या धुळकट अंगावर दोष लिहून दिले. डाव्या चाकावर ‘आवाज’, काचेवर ‘एसी थंड नाही’, बॉनेटवर लांबलचक ‘इंजिन धुणे, ऑइल बदलणे’. बॉनेटवर डावा पंजा टेकवून त्यांनी अगदी वळणदार अक्षर काढलं, चावी दिली आणि समाधानाने आत येऊन चहा टाकला.

साडेदहाला त्यांनी फाफड्याचा कागद उलगडला. चुरचुर आवाज झाला. कोणी आलं नाही.

त्यांनी कागद पुन्हा चुरगाळला. गच्चीवर जाऊन चुरगाळला, मग जिन्यात, मग शेजारच्या बंगल्याच्या फाटकाशी. साठी उलटलेला माणूस फाफड्याचा कागद वाजवत गल्लीभर हिंडतो आहे, हे पाहून समोरच्या कौशल्याबेननी खिडकीतून काळजीने विचारलं, “भाई, तबियत तो सारी छे ने?”

आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, त्यांना आपला डावा पंजा आठवला. बॉनेटवर टेकवलेला. थाप न मारलेला.

त्यांनी दिग्विजयभाईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना त्याचाच निरोप येऊन पडला: ‘काका, एसी थई गयुं. प्रेशरथी एन्जिन धोई नाख्युं. रस्तामां बोनेटमांथी झीणो अवाज आवतो हतो, बेल्ट बदलवो पडशे.’

झीणो अवाज. बारीक आवाज. बेल्टचा नव्हे, ठमीचा. प्रेशरच्या पाण्याची ताकद त्यांना ठाऊक होती. त्यांनी स्वतः डब्यांची चाकं त्या पाण्याने धुऊन घेतली होती. चौतीस वर्षांत एकदाही, एकदाही त्यांनी ‘खाली कोण आहे?’ असं ओरडल्याशिवाय डबा हलू दिला नव्हता. आणि आज स्वतःच्या दारात, नक्षीदार अक्षर काढायच्या नादात, त्यांनी साधी हाक मारली नव्हती.

रिक्षात ते वाटभर दिग्विजयभाईला शिव्या घोळवत होते, कारण स्वतःला घालायचा धीर होत नव्हता. बेजबाबदार! आंधळा! इंजिन धुताना मांजर दिसत नाही? प्रेमलाला काय तोंड दाखवू? पंधरा दिवसांत एक काम सांगितलं होतं तिने. दांडिया बाजार मागे पडेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रिक्षावाल्याने आरसा हळूच दुसरीकडे वळवला होता.

गॅरेजमध्ये दिग्विजयभाई स्टुलावर बसून मसाला चहा पीत होता. गाडी लिंबाखाली उभी होती. विश्वंभरराव हात उगारून तिच्याकडे धावले आणि जागच्या जागी थांबले.

बॉनेटवर खडूची अक्षरं होती. ‘इंजिन धुणे, ऑइल बदलणे.’ एक काना पुसला नव्हता. काचेवर ‘एसी थंड नाही’ तसंच. चाकावर ‘आवाज’ तसाच. बॉनेटच्या धुळीत त्यांच्या पंजाचा ठसासुद्धा पाचही बोटांसकट शाबूत होता. ज्या गाडीचं म्हणे इंजिन धुतलं, एसी केला, त्या गाडीला सकाळपासून कोणी बोट लावलं नव्हतं.

दिग्विजयभाई चहा ठेवून उठला. चेहरा पडला होता. “काका, करवानुं ज हतुं. मेसेज जरा वहेलो जतो रह्यो...”

म्हणजे काम व्हायच्या आधीच निरोप गेला होता. विश्वंभरराव बॉनेटशी गेले. त्यांनी बॉनेटवर तीनदा थाप मारली. मग ओरडले, “ठमे, ऊठ!”

आतून अत्यंत चिडलेलं ‘म्यांव’ आलं.

बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारच्या सांदीत ठमी अंग चोरून बसली होती. निम्मी करडी, निम्मी काळी, मिशीला ग्रीस. विश्वंभररावांनी खिशातून कागद काढून चुरगाळला. ती सावकाश बाहेर आली, फाफडा खाल्ला आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर चढून सगळं ग्रीस पुसून घेतलं. त्यांनी तिला घट्ट धरलं. तोंडाने “गाढवे, गाढवे” चाललं होतं आणि हात काही सैल होत नव्हता.

मग ते दिग्विजयभाईकडे वळले. वाटेत घोळवलेल्या सगळ्या शिव्या आता कोणत्या तोंडाने द्यायच्या? त्यांनी एका हाताने मांजर सावरत दुसरा हात छातीशी नेला. “दिग्विजयभाई, तमे कंई कर्युं नहीं, ए बहु सारुं कर्युं.”

आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने त्याच्या कामाचं असं मनापासून कौतुक केलं नव्हतं. तो गहिवरला. “तो काका, हवे एन्जिन धोई नाखुं?”

“नाही!” विश्वंभरराव मराठीतच किंचाळले आणि चावी हिसकावून घेतली.

पाच वाजता प्रेमलाबाई आगगाडीतून उतरल्या. फलाटाबाहेर गाडीशेजारी नवरा उभा, शर्ट काळा, काखेत ठमी. “अगंबाई! हिला घेऊन आलात? मला न्यायला?” त्यांचा चेहरा असा फुलला, की विश्वंभररावांच्या मनात आलं, होय म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण प्रेमलाबाईंनी मांजर घेतली, मिशीचं ग्रीस पाहिलं, बॉनेटवरची अक्षरं वाचली आणि शेजारचा नवऱ्याच्या पंजाचा ठसा पाहिला.

“बॉनेट वाजवलं होतंत?”

“नाही,” विश्वंभरराव म्हणाले. “विसरलो, प्रेमला. चूक माझी. त्या बिचाऱ्याने तर काहीच केलं नाही.”

चाक कुरकुरत, एसी गरम हवा फेकत गाडी अकोट्याच्या पुलावर आली तोवर प्रेमलाबाई रुमालाने ठमीच्या मिशीचं ग्रीस पुसत होत्या. मांडीवर ठमी घोरत होती. घरी त्यांनी चहा टाकला, दोन कप भरले, तेव्हा विश्वंभररावांना वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलाबाईंनी इस्त्रीचा निळा शर्ट स्वतः हातात दिला, घातल्यावर पाठीवरून मायेने हात फिरवल्यासारखंही केलं, आणि भाजी आणायला धाडलं. खंडेराव मार्केटात लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. वांगी निवडताना मागून ओळखीचा आवाज आला. वर्कशॉपातले जुने सहकारी वसंतराव.

“शितोळे, पाठीवर ‘सिक’ लिहिलंय हो, हे एवढं मोठं! कोणी काढलं तुम्हाला लाइनीतून?”

विश्वंभररावांनी खिसा चाचपला. खडू नव्हता.

“बायकोने,” ते म्हणाले.

“दोष काय?”

“खाली कोण आहे न बघता गाडी हलू दिली.”

वसंतरावांचं हसू ओसरलं. त्यांनीही त्याच शेडमध्ये तीस वर्षं काढली होती. पुसायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला.

“मग राहू द्या,” ते म्हणाले. “दुरुस्त झाल्याशिवाय पुसायचं नसतं.”

विश्वंभररावांनी मान डोलावली, पाव किलो वांगी जास्त घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ठमीसाठी फाफडा बांधून घेतला. मग तसेच, पाठ न झाकता, घरी निघाले.