विभूतीच्या तीन रेघा

गुरुसिद्धप्पांच्या कारखान्यात मशीन दोन आणि मालकांचा आवाज चार मशीनांएवढा. त्यातलं जुनं मिलिंग मशीन महादेवप्पाचं. मालक ते आपलं म्हणायचे, पण त्याला हात लावायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. पितळेत उथळ खाचा पाडायला लागणारे राजगिऱ्याएवढ्या गोल टोकाचे कटर महादेवप्पा स्वतः घासून करायचा. ते टोक केसभर जरी जास्त खाली गेलं, तरी रेघ लगेच जाड होते. म्हणून तो पितळेवर पतंगाच्या कागदाचा ओला तुकडा चिकटवायचा आणि फिरता कटर हळूहळू खाली आणायचा. कागद सरकला की कटर टेकला. तिथून पुढं खोली मोजायची. कागद हलल्याचं त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं.

बसवराज हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, दाक्षायणीचा नवरा. मंद्रूपला रिकामा हिंडत होता, तेव्हा महादेवप्पानं त्याला सोलापुरात आणलं, मशीनपाशी उभं करून शिकवलं. अशा माणसाशी बसवराज जे वागला, त्याबद्दल कुणी त्याला शिव्या घातल्या तर खुशाल घालू द्यात. तो स्वतःही घालतच होता.

पंचाहत्तर साली बार्शीच्या एका सराफाचं काम आलं. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर विभूतीच्या तीन रेघा उठवायच्या होत्या, त्यासाठी पितळेचा साचा हवा होता. तीन उथळ खाचा, अगदी सारख्या. काम सोमवारी सुरू झालं. सोमवारी आधी मशीनला विभूती लावायची, मग पितळ घट्ट पकडून धरायचा वाइस तळहातानं पुसायचा आणि मगच त्यात पितळेची पट्टी आवळायची, ही महादेवप्पाची शिस्त. ही तयारी बसवराजकडं असायची. त्या दिवशी मंद्रूपहून परतताना बसवराजची एस.टी. चुकली होती, उशीर झाला होता. गडबडीत त्यानं वाइस आधी पुसला, विभूती मागून आठवली. चिमूटभर घेऊन त्यानं मशीनच्या माथ्यावर बोटं ओढली, त्यातली थोडी खाली वाइसमध्ये सांडली, आणि तिच्यावरच त्यानं पट्टी बसवून आवळून टाकली. देवाचंही झालं, कामाचंही झालं, म्हणून स्वारी खूश!

खालच्या विभूतीमुळं पट्टी एका बाजूनं केसभर उचललेली. महादेवप्पानं पहिली रेघ ओढली, सुरेख आली. दुसरी जरा जाड. तिसरी तर सुजल्यासारखी.

"डोळं गेलं की तुजं, महादेवप्पा!" मालक सगळ्यांदेखत कडाडले. "आता सराफाला काय तोंड दावू?"

महादेवप्पानं पट्टी काढून उजेडाला धरली. बराच वेळ बघितली. "व्हय मालक," तो म्हणाला, "दिसत नसंल मला."

बसवराजची नजर उघड्या वाइसवर गेली. तळाशी विभूती दाबून चपटी झाली होती. त्याला सगळं कळलं. बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मालक म्हणाले, "बसवराज, उद्यापासनं मशीनवर तू बस." आणि बसवराजनं अंगठ्यानं ती विभूती पुसून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघितलं नाही. अंगठा त्याचाच होता.

महादेवप्पा कोपऱ्यात बसून कानशीनं कडा घासू लागला. कटरची डबी त्यानं बसवराजच्या हातात ठेवली. "जपून वापर. लई नाजूक हायत," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात एका संध्याकाळी दाक्षायणीनं ताट वाढता वाढता सांगितलं, "अण्णा येऊन गेला. सुईत दोरा ओवून बघत हुता. ओवला की पहिल्या झटक्यात! तरी म्हणतो, अंदाजानं गेला." बसवराज उष्टं टाकून उठला. आपण या माणसाचे डोळे चोरलेत, असं त्याला वाटत राहिलं.

पुढच्या सोमवारी त्यानं मालकांना आणि महादेवप्पाला मशीनपाशी बोलावलं. दोघांसमोर वाइसमध्ये चिमूटभर विभूती टाकली, वर पट्टी आवळली, तीन रेघा ओढल्या. तिसरी तशीच सुजली.

"त्या दिशी हे मीच केलं," तो म्हणाला. "अण्णाचं डोळं न्हाईत गेलं. पट्टीखाली विभूती हुती. मला दिसली, अन् मी पुसून टाकली."

मालकांनी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या, आणि या खेपेला त्या योग्य माणसाला मिळाल्या. महादेवप्पा मात्र रागावला नाही. "म्हंजे डोळं बरं हायत की माजं!" म्हणत तो हसला. त्यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर बसवराजला बरं वाटलं असतं.

महादेवप्पा मशीनवर बसला. वाइस पुसला, नवी पट्टी आवळली, कागद चिकटवला, कटर खाली आणला. कागद सरकला. बसवराजला स्वच्छ दिसलं. महादेवप्पालाही दिसलं असणार, कारण त्याचा हात थांबला. पण त्यानं खोली मोजली नाही. कटर वर घेतला, पुन्हा खाली आणला. कागद पुन्हा सरकला. महादेवप्पानं डोळे चोळले.

"बसवराज," मान वर न करता तो म्हणाला, "जरा बघ की रं. हलला का कागद?"