जहाज हलवणारी

"डावीकडं दाब!" शफीक ओरडला, आणि फरजानानं लोखंडी पाइपावर सगळं अंग टाकलं.

पाइप खाली गेला. वरचा फळ्यांचा ओटा एका अंगावर कलला आणि ओट्यावरच्या बाकांवर बसलेली माणसं एका सुरात किंचाळली. समोरच्या पडद्यावर एक लाकडी जहाज आभाळातून जीव घेऊन पळत होतं आणि काळ्या शिडांचं दुसरं जहाज तोफा डागत त्याच्या मागं लागलं होतं. कुठल्या विलायती पिक्चरचा तुकडा होता कोण जाणे. तो दिसायचा वर बसलेल्यांना. फरजानाला दिसायचं ते बाकांच्या मागचं काळं कापड आणि पलीकडच्या पाइपाशी घामानं निथळणारा नवरा. जहाज कुठवर पोचलं हे आवाजावरून ओळखायचं. ढोल घुमले की वळण, शिट्टी वाजली की बुडी. बुडी आली की दोघांनी एकदम पाइप वर उचलायचे आणि सोडून द्यायचे. वर लोकांच्या पोटात खड्डा पडायचा आणि खाली फरजानाच्या उजव्या खांद्यातून कळ निघायची. ढगांत शिरताना शफीक एका हातानं फवारणीचा पंप मारी. पंप नवाकोरा घेतलेला होता, औषधाचा थेंब त्यानं पाहिला नव्हता. पण अंगावर तुषार उडाले की बाया लुगडी सावरत हसायच्या.

खरं तर हे सगळं काम मशीनचं. बाहेरच्या पाटीवर रंगवलंही तसंच होतं. पण अमरावतीतला हा मेळा सुरू झाला न झाला तोच ओट्याखालची मोटार जळाली. मेळ्याचे मालक भगवंतराव माणूस सरळ, पण कायद्याचे पक्के. ज्याची मशीन बंद त्यानं जागा खाली करायची, तिथं दुसरा उभा करायचा. मग काय करता? शफीकनं मोटार गुपचूप अकोल्याला, जठारपेठेतल्या एका वाइंडिंगवाल्याकडं टाकली, ओट्याखाली पाइप अडकवले, मागं काळं कापड ताणलं आणि बायकोला म्हणाला, "दोन-चार दिवसाची बात हाय."

मोटार जुनी, तिचा माल मिळेना. दोन-चार दिवस लांबत गेले. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात ते काही खोटं नाही. फरजानाचा खांदा एका सकाळी असा धरला की कुडत्याच्या बाहीत हात जाईना. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी हात हलवून पाहिला आणि स्पष्टच सांगितलं, हे काम बंद करा, नाहीतर हा हात वेणी घालायलासुद्धा वर जायचा नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. फरजाना गोळ्या घेत होती आणि पाइप दाबत होती. रोज निजताना ती एकच प्रश्न विचारी, "मोटार कधी येते?" आणि शफीक रोज कूस बदलून म्हणे, "येते ना वं."

शो संपला. बूट-चपलांचा खडखडाट झाला. फरजाना तिथंच मातीवर बसली आणि ओढणीनं मान पुसू लागली. कापडाच्या पलीकडं एक बाई हसून हसून बेजार झाली होती.

"अगं बाई, माझे डोळे पाहा, पाणी आलंय हसून हसून," ती सोबतच्या मैत्रिणीला म्हणाली. "उद्या सासूबाई येणार आहेत हिवरखेडहून. त्यांनाच घेऊन येते. जन्मात कशाला बरं म्हटलं नाही त्यांनी. याला म्हणतील."

"त्या कसल्या म्हणतात, पौर्णिमा!"

"म्हणतील. लाव पैज."

फरजानानं शफीककडं पाहिलं. तो पाण्याची बाटली तोंडाला लावून बसला होता. तिला हसू आलं, पण हसल्यावरसुद्धा खांदा दुखला.

आणि काय योग पाहा, त्याच संध्याकाळी फोन आला. मोटार तयार होती.

सकाळच्या पहिल्या एसटीनं शफीक अकोल्याला गेला आणि दुपारी मोटार पोत्यात घालून, लेकराला आणावं तशी मांडीवर धरून घेऊन आला. जेवलासुद्धा नाही. ओट्याखाली पालथा पडून त्यानं ती बसवली, वायरी जोडल्या, खटका दाबला. ओटा घरघरला आणि आपला आपण डोलू लागला. फरजानाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं पाइप ओढून काढला आणि असा भिरकावला की शफीक ओरडला, "अवं, पायावर पडते ना!"

"पडू दे! सत्यानाश होवो त्याचा," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिनं पाय पसरून, फुंकर घालत घालत, गरमागरम चहा घेतला.

चारच्या शोला पौर्णिमा आली. फरजानानं तिला आवाजावरून ओळखलं. चेहरा आज पहिल्यांदाच पाहिला. गोल, हसरा, थोडासा धास्तावलेला. शेजारी तिची सासू गोदाबाई. हिरवं नऊवारी, पायात नव्या चपला, हातात प्रसादाची पिशवी. सकाळीच मोझरीला आश्रमात दर्शनाला जाऊन आल्या होत्या.

"इतक्या लांबून मले टिनाच्या डब्यात बसवाले आणलं का वं?" गोदाबाई म्हणाल्या.

"बसा तर खरं, आई."

शफीक तिकिटं फाडत होता. आज त्याचा चेहरा उजळला होता. तो फरजानाला हळूच म्हणाला, "तू बी जा. समोरून कधी पाह्यलं तू? जा, बस."

मग फरजाना बाकावर बसली, गोदाबाईंच्या शेजारी. दिवे गेले. ढोल घुमू लागले आणि सवयीनं तिचे दोन्ही हात पुढं गेले. पुढं पाइप नव्हता. तिनं हात मांडीवर ठेवून दिले.

जहाज आलं. या खुदा, केवढं ते! लाकडाची एकेक फळी दिसत होती, शिडं फुगली होती, सुकाणूवरची पोरगी दात-ओठ खाऊन चाक फिरवत होती. मागून काळं जहाज आलं. तोफ उडाली. फरजाना बाकाच्या कडेशी सरकून बसली. आता वळण, आता डावीकडं!

ओटा उजवीकडं गेला. जरासा, आणि परत जागेवर आला.

तिला वाटलं, चूक झाली असेल. जहाज दोन कड्यांच्या फटीत आडवं होऊन घुसलं, आणि ओटा ढिम्म. पलीकडं निघून ते शांतपणे तरंगू लागलं, तेव्हा बाकांना धाड धाड हिसके बसायला लागले. शिट्टी वाजली. आता बुडी. जहाज नाकावर खाली कोसळलं, पार नदीच्या पाण्यापर्यंत, आणि ओटा घरघर करत डुलत राहिला, घरघर करत डुलत राहिला. मोटारीला हिसके द्यायचे तेवढे ठाऊक, पडद्यावर काय चाललंय त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. ती नुसत्या पाट्या टाकत होती. मशीनच्या नळीतले तुषारसुद्धा ढग निघून गेल्यावर उडाले.

कोणी किंचाळलं नाही. मागच्या बाकावर एकानं जांभई दिली, ती चांगली मोठ्यानं ऐकू आली.

दिवे लागले. गोदाबाईंनी पिशवी उचलली.

"हेच काय वं तुहं जहाज? यापरीस आमची हिवरखेडची एसटी बरी. तिच्यात निदान पडाचं भेव तं वाटते."

दोन-चार माणसं हसली. पौर्णिमाचा चेहरा पार उतरला.

"काल असं नव्हतं हो, आई. खरंच नव्हतं. काल…" आणि काल काय होतं ते तिला सांगता येईना.

फरजानाला राग आला. तिला आधी वाटलं, या म्हातारीचा आला. मग वाटलं, आपल्याला काय करायचंय? मोटार चालते, पाटीवर लिहिलंय ते खरं झालं, मालकाची भीती गेली, हात वाचला. घरी जाऊन वेणी घालावी. हे सगळं तिनं मनाला नीट समजावलं. मन काही ऐकेना. दिवस-दिवस जीव काढून जे जहाज उडवलं, ते तिच्या डोळ्यांदेखत एसटीच्या खाली गेलं होतं. असलं कसं सहन करायचं?

"उठू नका," ती एकदम म्हणाली. "कोणी उठू नका. मशीन सेट नव्हती झाली. अजून एक बार दाखवतो, तिकीट नाही लागत."

काळ्या कापडाआड शफीक पोत्यावर आडवा झाला होता. तिला पाहून उठून बसला.

"पाह्यलं? कसं वाटलं?"

"मोटार बंद करा."

"काहून?"

"बंद करा म्हणते ना. पाइप कुठं गेला माहा?"

"अन् खांदा? डाक्टरीन काय म्हणली, याद हाय का?"

"याद हाय."

"अन् भगवंतरावनं पाह्यलं तं? आता मोटार असून?"

"म्हणून म्हणते, लवकर करा."

शफीकनं खटका पाडला, मघाशी भिरकावलेला पाइप शोधून आणला, तिच्या बाजूला अडकवून दिला आणि आपल्या जागी जाऊन उकिडवा बसला. ढोल घुमले.

त्या दिवशी जहाज असं पळालं की विचारू नका. आता तिनं ते पाहिलं होतं. कड्यांच्या फटीत ते किती आडवं होतं, हे ठाऊक झालं होतं. तिनं ओटा तितकाच आडवा केला. वर बाकं करकरली, कोणी तरी "अरे बाप" म्हणालं, मग सगळेच म्हणाले. शिट्टी वाजली. दोघांनी पाइप उचलले. फरजानाच्या खांद्यात आगीचा डोंब उसळला, तरी तिनं पाइप वरच धरला, जहाज कड्याच्या टोकावर थांबतं तेवढा वेळ, आणि मग सोडला.

"अवं माय! पडली वं, पडली, धर मले पौर्णिमा!"

गोदाबाईच होत्या. पाठोपाठ पौर्णिमाचं हसू फुटलं, आणि मग, कोणाला खोटं वाटेल, त्या म्हातारीचंही. खणखणीत, दात नसलेलं हसू.

शो संपला तेव्हा फरजाना पाइपाशेजारी आडवी झाली होती. उजवा हात तिनं डाव्या हातानं उचलून पोटावर घेतला. तो आपला आपण येत नव्हता. शफीक रांगत तिच्यापाशी आला. बाहेर पुढच्या शोला रांग लागली होती. मघा जांभई देणारा माणूसच कोणाला तरी सांगत होता, बसा म्हणून.

"मोटार लावतो आता," शफीक म्हणाला.

"नको."

"मंग?"

तिला रडू येत होतं, आणि कशाचं येतंय हेही धड कळत नव्हतं.

तेवढ्यात काळं कापड खालून हललं. एक हात आत आला, जमीन चाचपू लागला, आणि मग डोकंच आत आलं. गोदाबाई. बुडीच्या हिसक्यात त्यांची एक चप्पल उडून कापडाखालून आत घसरली होती.

चप्पल शफीकच्या गुडघ्याशी पडली होती. गोदाबाईंनी ती उचलली नाही. त्यांनी पाइप पाहिले, फवारणीचा पंप पाहिला, घामानं चिंब झालेला शफीक पाहिला, आणि मग बराच वेळ फरजानाचा हात पाहिला.

"तुमीच होता का वं, पोरी?" गोदाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

फरजानानं मान हलवली.

बाहेर भगवंतरावांचा आवाज आला. "लाईन इतली मोठी अन् शो काहून बंद? शफीकभाई! मशीन बिघडली का? मांगून येऊन पाहू का?"

शफीक घाईघाईनं पाइप सोडवू लागला. गोदाबाईंनी चप्पल उचलली, पायात सरकवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी कापड खालपर्यंत नीट ओढलं. फरजानाला कापडाखालून त्यांची पावलं दिसत होती. ती तिथून हलली नाहीत.

"काही नाही पाहाले लागत, भाऊ," त्या म्हणाल्या. "मशीन चांगली हाय, म्या पाह्यली ना. लय तापली हाय बिचारी. घटकाभर थंडी होऊ द्या तिले."