चौथ्या पायरीपर्यंत

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मुलांच्या विभागात, खुर्च्या इतक्या बुटक्या की मोठं माणूस बसलं तर गुडघे हनुवटीला लागतात. अशा खुर्च्यांवर बसून गावातले सात-आठ बालपुस्तकांचे लेखक अठरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकमेकांच्या गोष्टींची चिरफाड करत आले होते. आणि वर्षातून एकदा, ज्याचं पुस्तक छापून आलं असेल त्याचं कौतुक. नकार सगळ्यांच्या पाचवीलाच पुजलेला, त्यामुळे कौतुकाचा दिवस कुणी चुकवत नसे.

कौतुकाचा सगळा भार अक्कांवर. अक्का या मंडळाच्या संस्थापक, छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या. फलक त्या रंगवणार, कारण अक्षर त्यांचं. लेखकाची ओळख त्या करून देणार, कारण आवाज त्यांचा. पुस्तक तेवढं त्यांचं एकही नव्हतं. “वाढणारा उपाशी,” असं बडबडकाका म्हणत. ते बडबडगीतं लिहीत आणि बोलतही तसंच. अक्का हसून सोडून देत.

यंदा फलक रंगवायला घेतला आणि पहिल्याच शब्दाला ब्रश थांबला. पुस्तकाचं नाव होतं ‘येते हं’.

पुस्तक धाकटीचं. मंडळात सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. एरवी दाताच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेणारी, साधी, कामसू मुलगी. तिच्या या चित्रपुस्तकाला वर्षातलं सर्वोत्तम म्हणून बक्षीस मिळालं होतं, तिसरी आवृत्ती निघाली होती. गोष्ट एवढीशी. एक मुलगी घरातून निघताना जिन्याच्या प्रत्येक पायरीचा निरोप घेते. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, असं आईनं शिकवलेलं. म्हणून पायरीपायरीला ‘येते हं’.

ही मुलगी अक्कांची होती.

म्हणजे गोष्टीतली नव्हे. खरीखुरी, पोटची. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, या निरोपांपायी शाळेला रोज उशीर करणारी. पस्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी ती तापानं फणफणली. बाबांनी तिला चादरीत गुंडाळून उचललं, खाली गाडी उभी होती. बाबांच्या खांद्यावरूनही तिचं सुरू झालं, येते हं, येते हं, आणि प्रत्येक पायरीला तिला थांबायचं होतं. चौथ्या पायरीवर अक्का म्हणाल्या, “पुरे आता. बाकीच्यांना आल्यावर सांग.”

ती आली नाही.

पुढे तिचे बाबाही गेले. अक्का गाव बदलून इथे आल्या आणि आपल्याला मुलगी होती हे इथे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलं तर ‘मूलबाळ नाही’ म्हणत. ते खोटंही नव्हतं, हेच वाईट होतं.

मग ही मुलगी धाकटीच्या पुस्तकात गेली कशी? तर मंडळाचा एक नियम होता, आणि तोही अक्कांनीच केलेला. जी कल्पना आपल्याच्यानं लिहून होत नाही ती चिठ्ठीवर लिहायची आणि टेबलावरच्या वेताच्या टोपलीत टाकायची. नाव घालायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चिठ्ठी डाव्या हातानं लिहायची. ज्याला हवी त्यानं उचलावी, आणि टाकणाऱ्यानं पुन्हा कधी ‘ती माझी’ म्हणू नये. तसं नसलं तर ही मंडळी एकेका कल्पनेवरून एकमेकांच्या झिंज्या उपटतील, हे अक्का ओळखून होत्या. आजवर चार पुस्तकं टोपलीतून निघाली होती.

अक्कांनी ती गोष्ट तीन वर्षं लिहिली. दर वेळी मुलगी चौथ्या पायरीवर यायची आणि पुढे जायची नाही. शेवटी दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी वैतागून त्यांनी डाव्या हातानं दोन ओळी खरडल्या: एक मुलगी, एक जिना. प्रत्येक पायरीला ‘येते हं’. घडी घातली आणि टाकली टोपलीत. वाटलं, सुटले. घरी पोचेपर्यंत चिठ्ठी परत हवीशी झाली. पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या आधी तासभर येऊन त्यांनी टोपली पालथी केली. बेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या, ती नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

कौतुकाच्या दिवशी सकाळी केस विंचरताना त्यांनी ठरवलं, आज सांगायचं. नियम गेला खड्ड्यात. माइक हातात आला की म्हणायचं, ही माझी मुलगी आहे, कल्पना नाही.

दुपारी जवळच्या शाळेची तीसेक मुलं सतरंजीवर येऊन बसली. मोठी माणसं बुटक्या खुर्च्यांवर. पहिल्या रांगेत धाकटीची आई, नवीन चष्मा लावून, मांडीवर पुस्तकाच्या चार प्रती घेऊन. अक्कांनी माइक घेतला आणि त्या बाईकडे त्यांचं लक्ष गेलं. लेकीकडे बघण्यात तिला पापणी लवण्याचंही भान नव्हतं. अक्कांना तिचा हेवा वाटला. मग त्या दरवर्षीसारखंच बोलल्या. लेखिका कामसू आहे, भाषा स्वच्छ आहे, मुद्रणदोष एकही नाही. टाळ्या पडल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाऊन अक्का खाली बसल्या.

धाकटी वाचू लागली. तिचा जिना बारा पायऱ्यांचा होता. चित्रपुस्तकाची पानं ठरलेली असतात, दोन पानांना एक पायरी, असा तो हिशेब. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथीला अक्कांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

धाकटीनं पान उलटलं आणि पाचवी वाचली. साध्या आवाजात, जणू पाचवी असणारच होती. सहावीपासून मुलंही ओरडू लागली, “येते हं!” सातवी, आठवी. अक्कांना राग यायला हवा होता. आली ती लाज. एका परक्या मुलीनं त्यांच्या लेकीला चोवीस पानांत खाली नेलं, आणि आईला ते तीन वर्षांत जमलं नाही. शेवटच्या पानावर तीच मुलगी उंच झालेली, खांद्याला पिशवी, जिना चढून वर येते, आणि पायऱ्या विचारतात, “आलीस?” अक्कांनी मान खाली घातली. त्यांची आज बेचाळीसची असती.

वाचन संपल्यावर धाकटी म्हणाली, “ही गोष्ट मला टोपलीत मिळाली. नियम मला माहीत आहे. तरी ज्यांनी चिठ्ठी टाकली त्यांनी एकदा उभं राहावं. अर्धं पुस्तक त्यांचं आहे.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“अर्धं बक्षीसही मिळणार असेल तर मी राहतो उभा,” बडबडकाका म्हणाले. हशा पिकला. उभं कुणीच राहिलं नाही. अक्कांचे गुडघे तसेही चटकन सरळ होत नसत.

मग सह्यांची रांग लागली. अक्का प्रत घेऊन रांगेत सगळ्यांसारख्या उभ्या राहिल्या.

“अक्का, तुम्ही कशाला रांगेत?” धाकटी म्हणाली. “द्या इकडे. तुमच्याच नावे लिहू ना?”

“नको. मुलीच्या नावे लिही.”

“तुम्हाला मुलगी आहे? कधी बोलला नाहीत. केवढी आहे?”

“सात वर्षांची.”

धाकटी हसतच लिहायला वाकली आणि थांबली. तिनं वर बघितलं. अक्कांचे पांढरे केस, सुरकुतलेला गळा, टेबलाची कड धरलेला उजवा हात, सगळं तिनं आज पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं.

“किती पायऱ्या होत्या?” तिनं हळूच विचारलं.

“अकरा. तिच्या चारच झाल्या, मी घाई केली. पुढचं सगळं तुझं आहे.”

धाकटीनं पेन पुढे केलं. उजवा हात टेबल सोडायला तयार नव्हता, म्हणून अक्कांनी ते डाव्या हातात घेतलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर पस्तीस वर्षांत न लिहिलेलं नाव लिहिलं. वाकडं, थोरलं, चिठ्ठीवरच्यासारखं अक्षर. धाकटी त्या अक्षराकडे बघत राहिली.

“अक्का, रांग अडली आहे हं,” मागून बडबडकाका म्हणाले.

“झालंच,” अक्का म्हणाल्या, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून तिथेच उभ्या राहिल्या.